बारामतीहून लावलेली बोली

वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात, फ्लोरिडातल्या त्या प्रसिद्ध करमणूक बागेजवळ, मला अर्ध्याहून कमी भाड्यात खोली कशी मिळाली, असं इथल्या मराठी मंडळातल्या बऱ्याच जणांनी विचारलं. अंकासाठी लिहूनच द्या, सगळ्यांना उपयोग होईल, असं संपादकबाई म्हणाल्या. लिहायला बसलो तेव्हा लक्षात आलं, की ती खोली मी बारामतीत बसून मिळवली होती आणि तिथलं सगळं सांगितल्याशिवाय खोलीचं सांगता येणार नाही. तुमच्यापैकी फारसं कुणी त्या बाजूला गेलेलं नाही. म्हणून आधी तिकडचं सांगतो.

मी इंदापूर तालुक्यातल्या कळंबचा. अमेरिकेतल्या जॉर्जियात येऊन मला चौदा वर्षं झाली. माझे वडील, तात्या, १९९८च्या डिसेंबरात गेले, तेव्हा मी वेळेत पोहोचू शकलो नाही. अग्नी धाकट्या भावानं, बापूनं दिला. त्यांचं वर्षश्राद्ध तरी थोरल्या मुलाच्या हातून व्हावं, एवढंच आईनं फोनवर मागितलं होतं. बापूनं तिथी सांगितली, मार्गशीर्षातली नवमी. मी घरातल्या कॅलेंडरात नवमी शोधली, चार दिवस आधीचं तिकीट काढलं आणि पोहोचण्याचा दिवस कळवून टाकला.

बरोबर माझी मुलगी मीरा होती, नऊ वर्षांची. तिची आई वसुधा आणि मी दोन वर्षांपूर्वी वेगळे झालो. नाताळची ती सुट्टी माझ्या वाट्याला आली होती आणि एक जानेवारीला मीराला तिच्या आईकडे पोहोचवायचं होतं. त्या बागेत नेण्याचं वचन मी तिला वेगळे झालो त्या वर्षीच दिलं होतं. म्हणून बेत असा केला, की आधी दोन आठवडे कळंब आणि परतल्यावर शेवटचे तीन दिवस बाग.

मोरगाव

मुंबईहून केलेली गाडी मोरगावच्या अलीकडे तापली. ड्रायव्हरनं बॉनेट उघडलं आणि आम्ही रस्त्याकडेच्या बाभळीखाली उभे राहिलो. हा सगळा भाग कोरडवाहू आहे. नजर जाईल तिथपर्यंत कणसावर आलेली ज्वारी, मध्येच माळ आणि माळावर शेळ्या. डिसेंबर असूनही दुपारचं ऊन डोक्यात शिरत होतं. शेळ्यांमागे असलेल्या एका बाईनं ड्रायव्हरला आपल्या कळशीतलं पाणी दिलं आणि मला विचारलं, ‘‘कुठलं पाव्हणं?’’

‘‘कळंबचे.’’

‘‘मंग पाव्हणं कशाचं? हितलंच की तुमी.’’

मीरानं गाण्याचा हेडफोन कानावरून काढून विचारलं, ‘‘काय म्हणाली ती?’’

‘‘आपण इथलेच आहोत, असं म्हणाली.’’

‘‘आहोत?’’ मीरानं विचारलं. मी गाडी थंड झाली का ते बघायला गेलो.

मंदिराजवळच्या खानावळीत पिठलं आणि बाजरीची भाकरी मिळाली. मीरानं भाकरीचा पापुद्रा तेवढा सोलून खाल्ला. चौदा वर्षांत मी ही चव कितीदा आठवली असेल. पण त्या दिवशी अर्धी भाकरी ताटातच राहिली. तात्यांशिवायचं घर आता दोन तासांवर होतं.

बारामती ओलांडली की दहा-पंधरा मिनिटांत काटेवाडी लागते आणि तिथं मुलूखच बदलतो. कालव्याचं पाणी, दोन्ही बाजूंनी ऊस, दुधाचे कॅन लावलेल्या मोटरसायकली. हंगाम सुरू होता. उसाच्या ट्रॉल्यांमागं गाडी रांगत चालली होती आणि हवेत कारखान्याच्या मळीचा आंबूस वास होता. मीरानं नाक दाबलं. मला मात्र तो वास आला की घर जवळ आलं असं वाटायचं. या वेळी तेही वाटलं नाही.

कळंब

आई ओट्यावर बसून होती. तिनं माझ्याकडे नुसतं बघितलं आणि मीराला जवळ ओढलं. ‘‘ये माजी बाय. किती गं वाळलीस.’’ मग मला म्हणाली, ‘‘दमला असशील. पाय धू.’’

आमचे लोक मूळचे मेंढपाळ. तात्या आणि त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे आमचे आबा, तरुणपणी दर वर्षी मेंढरं घेऊन घाट उतरून कोकणात जायचे. पुढं तात्यांनी कळप विकून नीरा नदीच्या काठी जमीन घेतली आणि ऊस लावला. आबांनी मात्र वीस-पंचवीस मेंढरं अजून ठेवली आहेत. पंच्याहत्तरी उलटली तरी रोज सकाळी हातात काठी आणि खांद्यावर घोंगडी टाकून ते बाहेर पडतात.

घरात फार बोलणं होत नव्हतं. वर्षभर सण नाही, गोडधोड नाही. आईनं हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं केलं, तेच मीराला आवडलं. ती वाटी घेऊन आबांच्या वाड्यावर, मेंढरांजवळ जाऊन बसली. दोन दिवसांपूर्वी व्यालेल्या मेंढीचं कोकरू आबांनी तिच्या मांडीवर ठेवलं. ‘‘धर. पडत न्हाय.’’ त्यानंतर ती पोर मला घरात दिसेनाशी झाली.

एक गोष्ट इथल्या वाचकांना सांगितली पाहिजे. इथं आपण पाहुण्याला विमानतळावरच विचारतो, ‘परत कधी?’ त्याप्रमाणे आपण आपल्या कामाची सोय लावतो, त्यात गैर काही नसतं. आमच्याकडे आलेल्या माणसाला जायचा दिवस विचारत नाहीत. त्यानं लवकर जावं, असा त्याचा अर्थ होतो. मला कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

बारामती

आता खोलीचं. तेव्हा इंटरनेटवर एक नवीन सोय निघाली होती. आपण भाग निवडायचा, हॉटेल किती ताऱ्यांचं हवं ते सांगायचं आणि आपल्याला परवडेल तो आकडा टाकायचा. क्रेडिट कार्डाचा नंबर आधीच द्यायचा. एखाद्या हॉटेलानं आकडा मान्य केला, की पैसे लगेच कापले जातात आणि मगच हॉटेलाचं नाव कळतं. पैसे परत मिळत नाहीत, तारीख बदलत नाही. नामंजूर झालं, तर काहीतरी बदलल्याशिवाय पुन्हा बोली लावता येत नाही. त्या वर्षी, नवीन साल लागताना सगळे संगणक बंद पडणार या भीतीनं लोक प्रवास टाळत होते आणि खोल्या रिकाम्या होत्या. थांबू तेवढं स्वस्त मिळेल, अशा हिशेबानं मी निघेपर्यंत थांबलो होतो.

कळंबला पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी मी एसटीनं बारामतीला गेलो. स्टँडच्या मागं एका माडीवर सावंतबाई नावाच्या बाई कॉम्प्युटरचा क्लास चालवत. त्यांच्याकडे इंटरनेट होतं. चपला बाहेर काढायच्या, कॉम्प्युटरवर कापडी झाकण. बाईंनी फोन जोडला, त्यातून किंचाळल्यासारखा आवाज आला, तिसऱ्या खेपेला लाईन लागली. एक पान उघडेपर्यंत चहाचा कप संपत होता. मी भाग निवडला, तारे निवडले, आकडा टाकला. कार्डाचा नंबर टाकताना बाईंनी तोंड खिडकीकडे वळवलं. तासाभरानं उत्तर आलं, नामंजूर.

संध्याकाळी आबांनी विचारलं, दिवसभर कुठं होतास? मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी तोंडातली तंबाखू एका गालातून दुसऱ्या गालात नेली.

‘‘बाजारात आमी बी रुमालाखाली बोटं धरून सौदा करतो,’’ आबा म्हणाले. ‘‘पर मेंढरू म्होरं उभं असतं. दात बघतो, पाठीवर हात फिरवतो. तुमी काय बघून बोली लावता?’’

‘‘आकडा बघून, आबा.’’

‘‘आन् परत करायचं न्हाय?’’

‘‘नाही.’’

‘‘मंग त्यो सौदा न्हवं,’’ ते म्हणाले आणि काठी उचलून मेंढरांकडे गेले.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा बारामतीला गेलो. मीराला म्हटलं, चल, आपल्या खोलीची बोली लावू. तिला आबांबरोबर जायचं होतं, ती आली नाही. त्या दिवशी मी शेजारचा एक भाग वाढवला, एक तारा कमी केला आणि आकडा थोडा वर नेला. बटण दाबलं आणि वीज गेली. बोली गेली की नाही, कळायला मार्ग नव्हता. मी खाली उतरून उसाचा रस प्यालो, स्टँडवर येरझाऱ्या घातल्या, पुन्हा वर गेलो. खरं सांगायचं तर तेवढा वेळ मला तात्या आठवले नाहीत, वसुधा आठवली नाही, काहीच आठवलं नाही. फार बरं वाटत होतं.

वीज आली. बोली मंजूर झाली होती. तीन रात्री, हॉटेलाचं नाव, पत्ता. मी खुर्चीवरून उठून टाळी वाजवली. सावंतबाईंनी हसून कागद छापून दिला. येताना मी स्टँडसमोरून अर्धा किलो पेढे घेतले.

‘‘कशाचं रं पेढं?’’ आईनं विचारलं.

‘‘मीराला बागेजवळ हॉटेल मिळालं. निम्म्याहून कमी भाड्यात.’’

आईनं पुडा हातात घेतला आणि न उघडता वर फळीवर ठेवला. ‘‘वरीस झाल्याबिगर घरात गोड न्हाय करत, शिवा,’’ ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. मी हे विसरलो होतो, याचंच तिला वाईट वाटलं असावं.

मी विषय बदलायला म्हणून बापूला म्हणालो, ‘‘परवा नवमी. किती माणसं होतील जेवायला?’’

बापू धारेची बादली घेऊन उभा होता. त्यानं ती खाली ठेवली.

‘‘कुठली परवा? परवा शुद्ध नवमी. तात्या वद्य नवमीला गेलं. अजून पंधरा दिस हायत.’’

मी सव्वीस तारखेला जाणार होतो. वद्य नवमी वर्षाच्या अगदी शेवटच्या दिवशी येत होती. हे मी सांगितलं तेव्हा चुलीजवळ, दारात, ओट्यावर सगळे होते. नंतर बापूनं बादली उचलली. ‘‘मला वाटलं, म्हैनाभर हाईस,’’ तो म्हणाला.

इंदापूर

दोन दिवसांनी बापू आणि मी मोटरसायकलवर इंदापूरला गेलो. तिथले गुरुजी आमच्या घरची कार्यं करतात. पहाटेची थंडी अंगात मुरली होती. वाटेत एका शेताच्या बांधावर बापूच्या ओळखीचे लोक आगटी पेटवून बसले होते. त्यांनी हाक मारली आणि राखेत भाजलेल्या ज्वारीच्या कोवळ्या कणसांचा हुरडा तळहातावर चोळून आम्हाला दिला. बापू त्यांच्याशी पाण्याच्या पाळीबद्दल बोलला. माझ्याशी मात्र तो त्या सबंध वाटेत एकदाच बोलला, ‘‘घट्ट धर, खड्डा हाय.’’

गुरुजींनी पंचांग उघडलं. मी विचारलं, ‘‘आठवडाभर आधी करता येणार नाही का? मी इथे आहे तोवर?’’

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. ‘‘यंदा अधिक मास होता. वर्ष त्या नवमीलाच पुरं होतं. वर्ष भरायच्या आधी वर्षश्राद्ध कसं करणार? काही अडचण आली तर पुढं ढकलता येईल, आधी नाही.’’ मग थोडं थांबून म्हणाले, ‘‘आपण थांबू शकत नाही का?’’

बापूनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, मुलीला एक तारखेला पोहोचवायचं आहे, कोर्टाचं ठरलेलं आहे. हॉटेलाचं मी काढलं नाही.

बाहेर येऊन आम्ही चहा घेतला. बापू बशीतून चहा पीत होता. ‘‘दादा, मी काय बोलणार न्हाय,’’ तो म्हणाला. ‘‘पर अग्नी मी दिला. तेराव्याला मी बसलो. आईला वाटतंय, एकदा तरी तू बसावं.’’

पुन्हा बारामती

आईनं मार्ग काढला. भाकरी थापताना ती सहज म्हणाली, ‘‘वसुधेला फोन लाव की. चार दिस जास्त मागून बघ.’’

इतकं साधं होतं ते. घरात फोन होता, पण परदेशी लागत नव्हता. मी पुन्हा बारामतीला गेलो. एसटीडीच्या काचेच्या खोक्यात शिरलो, नंबर लिहिलेली चिठ्ठी समोर ठेवली, फोन उचलला.

मी का केला नाही फोन, याचा नंतर पुष्कळ विचार केला आहे. वसुधाकडे काही मागायचं म्हणजे माझ्या जिवावर यायचं. ती नाही म्हणाली असती तर लागलं असतं आणि हो म्हणाली असती तर उपकार झाले असते. पण तेवढंच नव्हतं. खिशात छापलेला कागद होता. तीन रात्री, निम्म्याहून कमी भाडं, पैसे परत नाहीत. इतक्या लांबून, विजेच्या आणि लाईनच्या भांडणातून मी ती खोली जिंकली होती. ती सोडून द्यायची, या विचारानं मला कसंतरीच झालं. एखाद्याचा बाप मेला आहे आणि त्याला खोली वाया जाण्याचं वाईट वाटतं, हे लिहितानाही लाज वाटते. पण झालं ते असं.

मी फोन जागेवर ठेवला. बाहेर बसलेल्या माणसानं विचारलं, ‘‘लागला न्हाय का?’’ मी म्हणालो, ‘‘नाही लागला.’’

घरी आई दारातच होती. ‘‘काय म्हनली?’’

‘‘नाही म्हणाली.’’

आईनं पदरानं तोंड पुसलं. ‘‘आई हाय ती,’’ ती म्हणाली. ‘‘लेकराबिगर तिला बी करमत नसंल. तिचं बी खरं हाय. तू राग धरू नगंस तिच्यावर.’’

यानंतर कळंबमध्ये मी आठवडाभर राहिलो. नीरेवर गेलो, मळ्यात गेलो, तात्यांनी लावलेल्या आंब्याखाली बसलो. मीरा आबांच्या मागोमाग माळावर जायची आणि संध्याकाळी पायाला माती घेऊन यायची. ‘हितं’, ‘तितं’, ‘न्हाय’ असं बोलायला लागली होती. आईच्या कुशीत झोपायची. मला ते बघवत नव्हतं आणि तिथून उठताही येत नव्हतं.

निघताना आईनं माझ्या हातावर दही घातलं. आबा आले नाहीत. पहाटेच मेंढरं घेऊन गेले होते. मीरानं गाडीत बसल्यावर माळाकडे बघून बराच वेळ हात हलवला. तिथं कुणी दिसत नव्हतं.

फ्लोरिडा

खोलीबद्दल ज्यांना खरोखर माहिती हवी आहे त्यांच्यासाठी सांगतो. हॉटेल बागेपासून अर्ध्या तासावर, मोठ्या रस्त्याला लागून होतं. खोली स्वच्छ होती. गादी बरी होती. खिडकीतून गाड्या उभ्या करण्याची जागा दिसत होती. कार्पेटला पोहण्याच्या तलावातल्या औषधाचा वास होता. सकाळी फुकट कॉफी आणि गोड पाव मिळत. त्या भाड्यात तक्रार करण्यासारखं काही नव्हतं.

तिन्ही दिवस आभाळ भरलेलं होतं आणि बोचरा वारा होता. पाळण्यांच्या रांगा तास-तासभराच्या. मीरा कुरकूर न करता माझ्याबरोबर उभी राहायची, पाळण्यात बसायची, उतरायची. मी विचारायचो, ‘‘मजा आली?’’ ती म्हणायची, ‘‘हो.’’

शेवटच्या दिवशी सकाळी मी खोलीतून कळंबला फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती. बापूनं उचलला.

‘‘झालं समदं,’’ तो म्हणाला. ‘‘तुज्या नावानं बी पानी सोडलं मी.’’

‘‘माणसं किती होती?’’

‘‘गाव होतं. आबा तेवढं जेवलं न्हाईत. थोरला न्हाय तर मी पंगतीला बसत न्हाय म्हनलं.’’

बापूनं फोन आईकडे दिला. तिनं पहिलं विचारलं, ‘‘पोरगी रमली का रं?’’

‘‘खूप रमली, आई.’’

मीरा बूट घालून पलंगाच्या कडेवर बसली होती. तिनं हात पुढं केला, मी फोन दिला. ‘‘आजी, मी हितं हाय,’’ ती म्हणाली. पलीकडे आई हसलेली मला ऐकू आली, मग बहुतेक तिनं काय काय बघितलंस म्हणून विचारलं असावं. मीरानं विचार करून उत्तर दिलं, ‘‘लाईन.’’ मग कोकराचं विचारलं. मग बराच वेळ नुसती ऐकत राहिली.

फोन ठेवल्यावर ती म्हणाली, ‘‘आज आजोबांचा दिवस होता ना? मग आपण इथे का आहोत?’’

‘‘तुला इथे यायचं होतं म्हणून.’’

‘‘तेव्हा मी सात वर्षांची होते,’’ मीरा म्हणाली. ‘‘या वेळी तू विचारलंच नाहीस.’’

बागेची तिकिटं काढलेली होती. आम्ही गेलो. संध्याकाळपर्यंत रांगेत उभे राहिलो.

दुसऱ्या दिवशी सात तास गाडी चालवून मी तिला वसुधाच्या दारात सोडलं. वसुधानं तिला जवळ घेतलं, गावाकडचं विचारलं. मीरानं तिला सगळं सांगितलं, आजीचं, आबांचं, कोकराचं आणि तात्यांचं वर्षश्राद्ध काल झालं तेही. बागेचं ती काही बोलली नाही.

वसुधा माझ्याकडे वळली. ‘‘काल होतं? मग तुम्ही थांबला का नाहीत? मला एक फोन करायचास. चार दिवसांनी माझं काय बिघडलं असतं?’’

मीरा आत गेली होती. तिची बॅग अजून माझ्याच हातात होती.

‘‘खोली घेऊन ठेवली होती,’’ मी म्हणालो.